खर्चवहीतील एक खोटी नोंद

देवळातील दानपेटीजवळ क्षणभर उभे राहिले तर दोन प्रकारची माणसे सहज दिसतात. एक मूठ झाकून आत काही टाकतो आणि मागे न पाहता प्रदक्षिणेला लागतो. दुसरा पावती घेतो, तीवरील नावाची अक्षरे बरोबर आहेत ना हे दोनदा पाहतो, आणि दात्यांच्या फळ्यावर आपले नाव कोठे येईल याची चौकशी करून मगच तीर्थाला हात पुढे करतो. यांतला पहिला थोर, हे आम्हांला लहानपणीच शिकविलेले असते. या हाताचे त्या हाताला कळू नये, असे दान ते खरे दान. दुसऱ्याला मी हसत नाही. आपल्या गोव्यातील देवस्थानांच्या अग्रशाळा अशाच नावे कोरून गेलेल्या दात्यांच्या पैशांतून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या ओसरीवर मी कितीदा तरी नाममात्र पैशांत निजलो आहे. तथापि गुप्तदानाचा मान वरचा, याविषयी माझ्या मनात कधी किंतु आला नव्हता. तो आला भूमध्य समुद्राच्या काठी, एका स्वस्त विश्रामगृहाच्या पावतीमुळे.

हकीकत अशी. नोकरीच्या निमित्ताने मी गोव्याहून उटनूरला आलो आणि तेथेच राहिलो. उटनूर आदिलाबाद जिल्ह्यात, डोंगर-जंगलांच्या मुलखात आहे. गावात गोंडांचा जुना किल्ला आहे. 1956 पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता, नंतर आंध्र प्रदेशात गेला आणि 2014 पासून तेलंगणात आहे. परंतु बाजाराच्या दिवशी येथे तेलुगू आणि गोंडी यांच्याबरोबर मराठीही सहज कानी पडते. मराठीचे थोर इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे हैदराबादच्या नोकरीत असताना याच जिल्ह्यात गोंडी शिकले आणि येथील गोंडांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशा कोणाच्या ध्यानात नसते. अशा या गावात माझे एक मित्र आहेत. सर्व गाव त्यांना गुरुजी म्हणते. मीही तेच म्हणतो. खासगी शाळांतून त्यांनी पस्तीस वर्षे इतिहास शिकविला. निवृत्तिवेतन नाही, अजूनही सकाळ-संध्याकाळ मुलांच्या शिकवण्या करतात. आमची ओळख तीस वर्षांची आहे आणि आजही आम्ही एकमेकांस ‘तुम्ही’च म्हणतो.

गुरुजींनी वर्गात दरवर्षी एक धडा मोठ्या उत्साहाने शिकविला. 8 जुलै 1910 रोजी सकाळी मोरिया बोटीच्या झरोक्यातून सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात उडी घेतली, ते पोहत किनाऱ्यास लागले, पुन्हा पकडले गेले, आणि फ्रान्सच्या भूमीवरून त्यांना परत बोटीवर नेणे न्याय्य होते काय, हा वाद हेगच्या लवादापर्यंत जाऊन 1911 च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या बाजूने सुटला. हे सर्व ते असे सांगत की मुले श्वास रोखून ऐकत. एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, ते पाणी थंड होतं का?” गुरुजी उत्तर देऊ शकले नाहीत. मार्सेलिसचेच काय, कोणत्याच समुद्राचे पाणी त्यांनी पाहिले नव्हते. हा प्रसंग त्यांनी मला सांगितला तेव्हा मी हसून म्हटले, “चला गोव्याला, उद्याच दाखवतो समुद्र.” ते म्हणाले, “गोव्याचा समुद्र तुमचा. तिथं मी तुमचा पाहुणा होईन. मार्सेलिसला जाऊ कधीतरी. तिथं आपण दोघेही परके.”

मी हे बोलणे त्या वेळी विनोद म्हणून घेतले. ते विनोदाने म्हटलेले नव्हते. तीन वर्षे शिकवण्यांतून पैसे साठवून गुरुजी एके दिवशी माझ्याकडे आले व त्यांनी अटी सांगितल्या. जावयाचे ते पाच-सहा दिवस, खर्च निम्मानिम, हिशेब एकाच वहीत, त्यांच्या हस्ताक्षरात, आणि कोणी कोणाला जेवू घालावयाचे नाही. मी मान्य केले. व्हिसासाठी बँकेतील शिल्लक दाखवावी लागते. त्यांची शिल्लक बेताचीच होती. मी म्हटले, महिनाभर माझे काही पैसे तुमच्या खात्यावर ठेवू, व्हिसा मिळाला की परत घेऊ; सर्रास करतात असे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे ते कसे पाहत असतील ते मला कळले. “जे पैसे माझे नाहीत ते माझे म्हणून दाखवू?” एवढेच ते बोलले, आणि आणखी चार महिने थांबले. आमचे विचार कोठे जुळत नाहीत हे मला तेव्हाच कळावयास हवे होते.

2024 च्या ऑक्टोबरात आम्ही हैदराबादेहून निघालो. मार्सेलिस—तेथले लोक मार्सेय म्हणतात—हे ग्रीक दर्यावर्दींनी ख्रिस्तपूर्व 600 च्या सुमारास वसविलेले गाव. फ्रान्समधील सर्वांत जुने शहर म्हणून त्याची ख्याती आहे. जुन्या बंदराच्या तिन्ही बाजूंनी शहर चढत गेले आहे आणि चौथ्या बाजूने समुद्र आत आला आहे. ऊन तर असे लख्ख की ऑक्टोबरातही कोकणातील माघाची आठवण व्हावी. मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील कितीतरी विद्यार्थ्यांनी युरोपच्या भूमीवर पहिले पाऊल येथेच टाकले. बोटीचे पुढचे दिवस वाचावेत म्हणून येथे उतरून ते आगगाडीने फ्रान्स ओलांडीत.

पैसे बेताचे असले म्हणजे शहर पायांनी पाहावे लागते आणि तेच चांगले. कातालान नावाची वाळूची चौपाटी जुन्या बंदरापासून चालत जाण्याजोगी आहे व तेथे कोणी पैसे मागत नाही. पहिल्याच सकाळी गुरुजींनी धोतर खोचले, पाण्यात गुडघ्यांपर्यंत गेले, ओंजळ भरून तोंडाला लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वळून म्हणाले, “खारट आहे हे पुस्तकात होतं. थंड आहे हे नव्हतं.” त्या मुलाला आता पोरेबाळे झाली असतील, तरी उटनूरला परतल्यावर गुरुजी त्याला शोधून हे उत्तर सांगून आले.

खाण्याचे म्हणाल तर तेथे पानिस नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून घट्ट करतात, थंड झाल्यावर काप पाडतात आणि तळतात. आपल्या पाटवडीची ही सख्खी बहीणच. फोडणी तेवढी विसरलेली. विश्रामगृहात सर्वांसाठी एकच स्वयंपाकघर होते. तेथे आम्ही खिचडी टाकत असू, आणि गुरुजींच्या घरून आलेला चिवडा होताच. मी सारस्वत माणूस, माशांचा लोभी. बंदरावर सकाळी कोळी ताजी मासळी मांडून बसत, ती पाहून माझा जीव खालीवर होई. तेथील बुईयाबेस नावाचा माशांचा रस्सा प्रसिद्ध आहे. न खपलेल्या काटेरी मासळीचा कोळ्यांनी घरी नेऊन केलेला तो एके काळचा गरिबांचा रस्सा. आज मोठ्या खाणावळीत त्याची किंमत विचारण्याचे धाडस होत नाही. गुरुजी शाकाहारी. ते म्हणाले, “तुम्ही खाऊन या, तुमच्या पैशांनी, वहीत येणार नाही.” मी पोट बरे नाही असे सांगितले. हे या प्रवासातले माझे लहान खोटे.

मोठे खोटे त्याच्या आधीच घडले होते. आम्ही घेतलेली जागा म्हणजे आठ खाटांची एक सामाईक खोली. एका खाटेचे एका रात्रीचे 28 युरो. सर्व तरुण मंडळी. रात्री दोनपर्यंत दार उघडत-मिटत होते. गुरुजींना वरची खाट आली. अडुसष्ट वर्षांचा तो मनुष्य शिडीवरून दोनदा उतरला, आणि खोकल्याने इतरांची झोप मोडू नये म्हणून बाहेर जिन्यावर जाऊन बसला. हे सर्व मी जागेपणी पाहिले. सकाळी त्यांना विचारले तर म्हणाले, “छान झोप लागली.” तेव्हा पहिले खोटे त्यांचे होते, हे नमूद केले पाहिजे. मी खाली गेलो, दोघांची एक स्वतंत्र खोली मागितली. ती 98 युरोंना होती. ती मी पाच रात्रींसाठी घेतली आणि वर येऊन सांगितले की गर्दी ओसरली आहे, त्याच भावात खोली देतात. गुरुजींचा चेहरा उजळला. “भली माणसं आहेत,” असे म्हणून त्यांनी वहीत आपल्या वळणदार अक्षरात ‘मुक्काम, 56 युरो’ असे लिहिले. वरचे 42 रोज माझ्या खिशातून जात होते, आणि खरे सांगावयाचे तर मला अतिशय आनंद होत होता.

या आनंदाची तपासणी मी तेव्हा केली नाही. उलट मजपाशी प्रमाणे पुष्कळ होती. रोमन तत्त्वचिंतक सेनेका याने उपकारांवर ग्रंथच लिहिला आहे. त्यात तो अर्केसिलाउस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाची गोष्ट सांगतो: त्याचा एक मित्र गरीब होता, आजारी होता आणि दोन्ही लपवीत होता, अर्केसिलाउसने न बोलता त्याच्या उशीखाली पैशांची पिशवी ठेवली, म्हणजे लाजाळू मित्राला ती मिळाल्यासारखी नव्हे तर सापडल्यासारखी वाटावी. आणि सेनेकापर्यंत जावयाची तरी काय गरज? आपला सुदामा आहे. द्वारकेहून रिकाम्या हातांनी निघालेला तो ब्राह्मण घरी पोहोचतो तेव्हा झोपडीच्या जागी वाडा. देणाऱ्याने तोंडातून अवाक्षर काढले नव्हते. भागवताच्या दशम स्कंधातील ही कथा कीर्तनात ऐकताना ज्याचे डोळे ओलावत नाहीत असा श्रोता मी आपल्या देवळात पाहिला नाही. याच्या उलट द्रुपद. द्रोण जुन्या स्नेहाची आठवण देत दरबारात आला तेव्हा द्रुपदाने त्याला सांगितले की सख्य बरोबरीच्यांत असते, श्रीमंत आणि दरिद्री यांच्यात नव्हे. आणि त्या एका वाक्यातून पुढे कुरुक्षेत्रापर्यंत केवढी आग गेली हे आपण जाणतो. मी द्रुपद नव्हे, या समाधानात मी त्या 98 युरोंच्या खोलीत गाढ झोपत होतो.

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडीवरील नोत्र-दाम द ला गार्द या देवळात चढून गेलो. बसचे पैसे वाचवून, अर्थात. 1864 साली या मंदिराचा अर्पणविधी झाला. शिखरावर मातेची सोन्याने मढविलेली मूर्ती आहे आणि गावकरी तिला नुसते ‘भली आई’ म्हणतात. कोळ्यांच्या वस्तीतील आपल्या देवींनाही माणसे अशीच जवळिकीने हाक मारतात. आत छतापासून लहान लहान जहाजे टांगलेली, समुद्रातून सुखरूप परतलेल्यांनी नवस फेडण्यासाठी वाहिलेली. भिंतींवर आभाराच्या संगमरवरी पाट्या. काहींवर पूर्ण नाव, काहींवर नावाची आद्याक्षरे तेवढी. अशा आद्याक्षरांच्या एका पाटीपुढे गुरुजी थांबले. “हा मनुष्य लपला,” ते म्हणाले, “पण पाटी लपवली नाही.” मला उगाचच दचकल्यासारखे झाले. त्यांना तोपर्यंत काही ठाऊक नव्हते.

खाली उतरताना ते गांधीजींविषयी बोलत होते. गोलमेज परिषदेसाठी निघालेले गांधीजी 11 सप्टेंबर 1931 रोजी राजपुताना बोटीने याच बंदरात उतरले. बोटीवरील सर्वांत खालच्या वर्गाने ते आले होते. सोबत्यांनी नको इतक्या पेट्या आणल्या हे ध्यानात आल्यावर बरेचसे सामान त्यांनी एडनहून परत पाठविले होते. मार्सेलिसच्या जकातवाल्यांपुढे त्यांनी आपली मालमत्ता सांगितली ती चरखे, तुरुंगातली भांडी, बकरीचे दूध, काही पंचे, आणि फारशी किंमत येणार नाही अशी आपली अब्रू, एवढीच. सरोजिनी नायडू थट्टेने म्हणत की या माणसाला गरिबीत ठेवावयास किती खर्च येतो ते त्यालाच ठाऊक नाही. गुरुजींनी ही थट्टा सांगितली आणि ते मनमोकळे हसले. मी हसलो नाही. गुरुजींना काटकसरीत ठेवावयास रोज 42 युरो येत होते आणि ते त्यांना ठाऊक नव्हते.

या थट्टेत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. स्वस्त प्रवास कोणाच्या तरी अंगावर पडतो. कधी तो यजमानाच्या अंगावर पडतो, कधी कमी मजुरीत खोल्या झाडणाऱ्या बाईच्या, कधी मित्राच्या. ज्याला हे ठाऊक आहे तो निदान आभार मानू शकतो किंवा नकार देऊ शकतो. ज्याला ठाऊकच नाही त्याच्या हातून दोन्ही गोष्टी काढून घेतलेल्या असतात.

निघण्याच्या सकाळी मी पिशव्या आणावयास वर गेलो आणि तेवढ्यात खालच्या मुलीने पावती गुरुजींच्या हाती दिली. मी खाली आलो तेव्हा ते ती घडी करून खिशात ठेवीत होते. फ्रेंच त्यांना येत नाही, आकडे येतात. विमानतळापर्यंत, विमानात, हैदराबादेहून उटनूरपर्यंतच्या गाडीत ते त्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत. इतर सर्व बोलणे पूर्ववत. वाटेत त्यांनी वहीची बेरीजही केली, माझा खोटा आकडा तसाच ठेवून.

आठ दिवसांनी संध्याकाळी ते घरी आले. वही उघडून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. पाच ठिकाणी ‘56’ हा आकडा तांबड्या शाईने खोडून वर ‘98’ लिहिले होते, पेपर तपासावा तसे. खाली हिशेब: फरक 210, निम्मे 105, त्या दिवसांच्या भावाने सुमारे साडेनऊ हजार रुपये. वहीवर त्यांनी 955 रुपये ठेवले. “दहा हप्ते,” ते म्हणाले.

मी गुप्तदानाची बाजू मांडली. आपल्या धर्मात केवढा त्याचा महिमा, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “देवळात देणारा लपतो,” ते म्हणाले, “दान लपत नाही. पेटी उघडली की पैसे पंचांसमोर मोजले जातात. तुम्ही उलट केलंत. स्वतः समोर राहिलात आणि दान लपवलंत.”

मी सुदामा पुढे केला. त्यावर ते म्हणाले, “कृष्णानं आधी त्याच्या काखेतले पोहे हिसकावून खाल्ले. आधी घेतलं, मग दिलं. तुम्ही माझ्याकडून काय घेतलंत?”

“चिवडा,” मी म्हटले. यावर ते हसले, पण 955 रुपये परत घेतले नाहीत.

मग त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर मजपाशी अजून नाही. “पाच रात्री मी माझ्या पैशांनी झोपलो असं समजत होतो. ती झोप आता कोणाची?”

गुरुजी इतिहासाचे असले तरी शास्त्रचर्चेत मुरलेले आहेत. आपल्या धर्मशास्त्रकारांत एक जुना वाद आहे. बंगालच्या जीमूतवाहनाच्या मते दात्याने आपले स्वत्व सोडले की दान पुरे झाले. मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराला हे पटत नाही. घेणाऱ्याने स्वीकारल्याखेरीज त्याचे स्वत्व उत्पन्न होत नाही असे तो म्हणतो. विज्ञानेश्वर कल्याणीचा, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्यातल्याच मुलखाचा, हे गुरुजींनी किंचित अभिमानाने सांगितले. दानाचे उदक सोडावयाचे ते हातावर, आणि हात पुढे करावा लागतो तो घेणाऱ्याने. ज्याला आपण काही घेत आहोत हेच ठाऊक नाही त्याचा हात पुढे कसा येणार? तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत कसे द्यावे हे सांगताना श्रद्धेबरोबरच लज्जा, भय आणि संविद् हे शब्द आले आहेत. शांकरभाष्यात संविद् या शब्दाचा संबंध मैत्रीच्या व्यवहाराशी जोडला आहे. लज्जा दात्याला सांगितली आहे, ही गोष्ट मी आजवर वाचून सोडून दिली होती. मला लाज नव्हती, आनंद होता.

असे असले तरी गुरुजींचे सर्व मान्य करावयास मी तयार नाही. न घेण्यातही एक अहंकार असतो, आणि तो गरिबाला श्रीमंताहून अधिक सांभाळावा लागतो म्हणून तो क्षम्य असला तरी अहंकारच. जिन्यावर बसून रात्र काढणारा मनुष्य ‘छान झोप लागली’ म्हणतो तेव्हा तोही मित्रापासून काही लपवितोच. सेनेकाच्या त्या आजारी मित्राला उशीखालची पिशवी सापडली नसती तर काय झाले असते, हे कोणी विचारीत नाही. प्राणावर बेतले असता मी पुन्हा खोटे बोलेन. येथे प्राणावर बेतले नव्हते, खोकला होता.

आणि आणखी एक गोष्ट, जी मी गुरुजींना सांगितली नाही व येथे लिहितो. त्या आठ खाटांच्या खोलीत झोप मलाही लागली नव्हती. स्वतंत्र खोली मलाही हवी होती. मी एकटा असतो तर ती पहिल्याच रात्री घेतली असती. गुरुजींच्या खोकल्याने मला माझ्या सुखासाठी एक सोज्ज्वळ कारण पुरविले. त्या 210 युरोंतले किती त्यांच्यासाठी आणि किती माझ्यासाठी, याची नोंद कोणत्या वहीत करावी? मी ‘मला येथे झोप येत नाही, मला खोली हवी, तुम्ही सोबत राहाल का?’ असे सरळ विचारले असते तर ते खरे झाले असते, आणि कदाचित तेही हो म्हणाले असते. कारण मग मागणारा मी झालो असतो. हे मला उटनूरला पोहोचल्यावर सुचले. दात्याला मागावयाचे सुचत नाही, हीच त्याची अडचण.

उटनूरजवळ इंद्रवेल्लीच्या बाजूला केसलापूर येथे पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळीचे गोंड त्याआधी पायी, अनवाणी, गोदावरीपर्यंत जातात, तेथून झारीत पाणी आणतात आणि त्याने देवाला अभिषेक करतात. एवढी शेकडो कुटुंबे जमतात, पण देवाच्या आवारात स्वयंपाकाच्या चुली ठरलेल्या बावीस. प्रत्येक घराने आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे. कोणाची चूल कोणी गुपचूप पेटवून देत नाही, आणि कोणी आपली वेगळी मांडीत नाही. ज्याची पाळी झाली तो उठतो, पुढचा बसतो; उरलेला विस्तव पुढच्याच्या कामी येतो आणि हे दोघांनाही दिसते. याहून स्वस्त प्रवास मी पाहिलेला नाही. मार्सेलिसच्या त्या विश्रामगृहातील स्वयंपाकघरात आठ देशांची पोरे एका शेगडीपाशी उभी राहून आपली पाळी पाहत असताना मला केसलापूरची आठवण झाली होती. गुरुजींनी तर आमच्या खिचडीतला एक वाडगा एका परक्या मुलाला दिला होता आणि त्याच्याकडून दोन सफरचंदे घेतली होती. ती नोंद वहीत आहे: ‘खिचडी दिली, सफरचंदे घेतली, जमाखर्च शून्य.’

हप्ते दर महिन्याच्या पाच तारखेला येत राहिले. पहिले दोन घेताना माझा हात जड झाला. तिसऱ्यापासून मी चहा ठेवू लागलो आणि चौथ्या महिन्यात गुरुजींनी चहाबरोबर म्हणून घरून शंकरपाळे आणले. एकदा मला वाटले, माफ करा म्हणावे आणि नोटा त्यांच्या खिशात कोंबाव्यात. तेवढ्यात माझ्या आईचे कोंकणी शब्द आठवले. कोणी काही दिले की ती ‘देव बरें करूं’ म्हणे, आणि दोन्ही हातांनी घेई. कितीही क्षुल्लक असो, घेताना तिचा एक हात कधी मागे राहिला नाही. मीही दोन्ही हात पुढे केले. गुरुजींना ते थोडे विचित्र वाटले असावे, पण ते काही बोलले नाहीत.

दहावा हप्ता आला त्या दिवशी त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर ‘पूर्ण’ असे लिहून खाली माझी सही घेतली. मग पिशवीतून एक नवी वही काढली, दुकानातला कागद अजून तिला चिकटलेला. पुढच्या पुष्य अमावास्येला केसलापूरला चालत जावयाचे ठरले आहे. त्यांचे गुडघे दुखतात. मला रात्री दोनदा उठावे लागते. ज्वारीचे पीठ मी आणावयाचे, डाळ-मीठ त्यांनी. “आणि रात्री खोकला आला तर?” मी विचारले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “सांगेन,” ते म्हणाले, “तुम्हीही सांगा,” आणि पहिल्या पानावर दोन रकाने आखावयास पट्टी मागितली.